वजन घटवण्याचं ऑपरेशन: क्लेम कसा मांडायचा आणि नंतर कसं राहायचं

वजनाच्या ऑपरेशनची चौकशी करणारा माणूस बहुधा दोनच प्रश्न घेऊन येतो. किती किलो उतरेल, आणि विमा पैसे देईल का? दोन्ही रास्त आहेत. पण पॉलिसी मुख्यतः भरती झाल्यापासून घरी सोडेपर्यंतचा खर्च उचलते. त्यानंतरच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, आहारतज्ज्ञाच्या फेऱ्या बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून कराव्या लागतात, आणि त्या जन्मभर चालतात. म्हणून विमा आणि दिनचर्या इथे एकत्रच घेतली आहे. दोन्हींना लागणारे कागदही बरेचसे तेच असतात. आजच एक फाइल उघडा, ती दोन्हीकडे उपयोगी पडेल.

कोणतं ऑपरेशन, हे आधी कागदावर आणा

‘बॅरिॲट्रिक करून घेतोय’ एवढं सांगून विमा कंपनीकडे काही सरकत नाही. तिला नेमकं नाव लागतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी उरते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून तिला लहान आतडं थेट जोडतात. बाकीचं जठर पोटात तसंच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो. बलून मात्र ऑपरेशन नव्हे. तो दुर्बिणीतून आत ठेवतात आणि काही महिन्यांनी काढतात, त्यामुळे ‘शस्त्रक्रिया’ एवढाच शब्द असलेल्या पॉलिसीत तो बसेलच असं नाही.

हा फरक क्लेमच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. नकाराच्या पत्रात ‘प्रायोगिक उपचार’ हा शेरा पुष्कळदा दिसतो. नव्या पद्धतींबाबत तो वाद होऊ शकतो, बायपासबाबत नाही. एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी आयोवा विद्यापीठात १९६६ साली पहिला बायपास केला, आणि तेव्हापासून त्यावर ढिगाने अभ्यास झाले आहेत. तुमचं ऑपरेशन रुळलेल्या पद्धतींपैकी असेल तर सर्जनच्या पत्रात तसं स्पष्ट लिहून घ्या.

पॉलिसी उघडा आणि तीन जागा शोधा

माहितीपत्रक नको, पॉलिसीची मूळ प्रत हवी. पहिली जागा वगळलेल्या गोष्टींची. तिथे ‘लठ्ठपणा व वजन नियंत्रण’ असं कलम आहे का आणि त्याला अपवाद दिलाय का, ते बघा. बऱ्याचदा एक वाक्य दार बंद करतं आणि पुढचं तेच अटींसह उघडतं, त्यामुळे कलम शेवटपर्यंत वाचा. दुसरी जागा प्रतीक्षा काळाची. काही आजारांना पॉलिसी सुरू झाल्यापासून ठरावीक काळ संरक्षण नसतं, आणि आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब त्यात अडकू शकतो. तिसरी जागा बीएमआयच्या अटीची. खरी खडाजंगी तिथेच होते.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या शिफारशीत ४० किंवा त्याहून जास्त बीएमआय, अथवा ३५ च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार, अशी रेषा होती. २०२२ साली या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी, अमेरिकेच्या एएसएमबीएस आणि जागतिक आयएफएसओ यांनी, ती खाली आणली. ३५ च्या पुढे सोबतचा आजार असो वा नसो ऑपरेशनची शिफारस करावी, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार करावा, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासूनच विचार व्हावा, असं त्या सांगतात. पण अनेक पॉलिसींमध्ये अजून १९९१ चीच रेषा आहे. डॉक्टर म्हणतात ‘तुम्ही पात्र आहात’ आणि कंपनी म्हणते ‘नाही’, यात खोटं कुणीच बोलत नसतं. दोघांच्या हातातले नियम वेगवेगळ्या सालचे असतात.

मोजमापात किती बारकावा आहे बघा. १ मीटर ६० सेंटिमीटर उंची आणि १०२.४ किलो वजन असेल तर बीएमआय बरोबर ४०. त्याच माणसाची उंची नर्सने बूट न काढता १६२ लिहिली तर तोच आकडा ३९ होतो आणि माणूस अटीबाहेर जातो. उंची अनवाणी, भिंतीला टेकून मोजली गेली ना, हे स्वतः बघा. तिथे संकोच नको.

दुसरी मेख ऑपरेशनच्या आधीच्या आहाराची. यकृत आकसावं म्हणून बरेच सर्जन आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरींचा आहार देतात. त्यात काही किलो उतरतात आणि भरतीच्या दिवशीचा बीएमआय रेषेच्या खाली येऊ शकतो. अटीत कोणत्या तारखेचं वजन धरलंय हे कंपनीला लेखी विचारा. पहिल्या भेटीतलं वजन तारखेसह केसपेपरवर असलंच पाहिजे.

फाइल कशी भरायची

गेल्या काही वर्षांत जिथे जिथे तुमचं वजन नोंदलं गेलं ते सगळं गोळा करा. नोकरीतली वैद्यकीय तपासणी, जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, काहीही चालतं. त्यात एचबीए१सीचे, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचे रिपोर्ट, रक्तदाबाच्या नोंदी, झोपेत श्वास अडकत असेल तर स्लीप स्टडी, गुडघ्यांचे एक्स-रे आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या घाला. काही कंपन्या देखरेखीखाली काही महिने आहार आणि व्यायाम करून पाहिल्याचा पुरावा मागतात. तो महिन्याच्या महिन्याला नोंदवलेला हवा. मधला एक महिना गळला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावल्याची उदाहरणं आहेत. मानसोपचारतज्ज्ञाचं मत हाही नेहमीचा कागद आहे. त्याचा अर्थ तुमच्या डोक्यावर कुणी शंका घेतंय असा नाही. खाण्याचे झटके, नैराश्य, दारू या गोष्टी आधी हाताळलेल्या बऱ्या, एवढाच त्याचा हेतू.

सगळ्यात जड कागद म्हणजे सर्जनचं पत्र. ‘रुग्णास लठ्ठपणा असून शस्त्रक्रियेचा सल्ला देण्यात येत आहे’ हे पत्र म्हणजे नकाराला आमंत्रण. त्याऐवजी असं हवं: ‘बीएमआय ४१.२. टाइप २ मधुमेह सात वर्षे. दोन औषधे नियमित घेऊनही एचबीए१सी ८.९. स्लीप स्टडीत तीव्र ॲप्निया, रात्री मशीन चालू. सहा महिने आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रयत्न, नोंदी सोबत. पॉलिसीच्या अमुक कलमातील अटी पूर्ण.’ पत्रात कलमाचा क्रमांक असला की वाचणाऱ्याला पळवाट शोधावी लागते, आणि नाही मिळाली तर मंजुरी द्यावी लागते. सर्जनला एवढं लिहायला सवड नसते, तेव्हा मुद्दे तुम्हीच टाइप करून न्या.

पूर्वमंजुरी

तारीख पक्की करण्याआधी लेखी मंजुरी घ्या. फोनवरच्या ‘हो हो, होईल’ला काही किंमत नाही. फोन झालाच तर तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रार क्रमांक फाइलमध्ये टिपून ठेवा. मग विचारा: या ऑपरेशनला वेगळी कमाल मर्यादा आहे का? माझा वाटा किती टक्के? सर्जन आणि रुग्णालय कंपनीच्या यादीत आहेत, पण भूलतज्ज्ञ आहे का? घरी गेल्यावर गुंतागुंत होऊन पुन्हा भरती व्हावं लागलं तर तो खर्च याच मंजुरीत धरणार की नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळेपर्यंत सोडू नका. अंतिम बिलाच्या वेळी काटछाट होऊ शकते, मंजुरी म्हणजे पूर्ण रकमेची हमी नव्हे. थोडा पैसा हाताशी ठेवलेला बरा.

एक सल्ला हमखास कानावर येईल: ‘हर्नियाच्या नावाखाली करून घ्या, कोण बघतंय.’ करू नका. हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. त्यात सगळी पॉलिसीच रद्द होऊ शकते. शिवाय तुमच्या कायमच्या वैद्यकीय नोंदीत खोटं ऑपरेशन लागतं, आणि उद्या पोट दुखून तातडीच्या विभागात गेलात तर समोरचा डॉक्टर चुकीच्या नकाशावर चालतो. मधुमेह लपवणं हीही त्याच जातीची गोष्ट.

नकार आला तर आधी कारण लेखी मागा, कलमासकट. पुष्कळ नकार अपुऱ्या कागदांमुळे येतात आणि तेवढे जोडले की सुटतात. अपिलाची मुदत पत्रात असते, ती पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सर्जनला कंपनीच्या डॉक्टरशी थेट बोलता येईल का ते विचारा. एका डॉक्टरने दुसऱ्याला समजावलं की दहा पत्रांचं काम होतं. कंपनीच्या आतली पायरी संपली की बहुतेक देशांत विमा लोकपाल, नियामक किंवा त्रयस्थ तपासणीची सोय असते. तिथेही तीच फाइल जाते.

पहिले आठवडे

ऑपरेशनच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी तुम्हाला चालवतील. चाला, कारण पायात रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी ते असतं. आहार टप्प्याटप्प्याने वाढतो: एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, सूप, प्रोटीनचं पेय, त्यानंतर वाटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास नेहमीचं अन्न. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. त्यांनी दिलेलं पाळा, नेटवर सापडलेलं नको.

नाडी खूप वेगात चालणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात कळ, एका पिंढरीला सूज, धाप, पाणीही न टिकणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. विशेषतः नाडी. आतल्या शिवणीतून गळती सुरू झाली तर कधी कधी वेगवान नाडी हीच पहिली खूण असते, आणि माणूस ‘जरा धडधडतंय’ म्हणून पडून राहतो.

घास, घोट आणि घड्याळ

नव्या माणसाला वाटतं की पोट लहान झालं, आता कमी खाल्लं जाईलच. तसं आपोआप होत नाही. नव्या जठराची भाषा वेगळी असते आणि ती शिकावी लागते. पोट भरल्याची जुनी जड भावना येत नाही. त्याऐवजी उचकी लागते, नाक वाहायला लागतं, एखादी शिंक येते किंवा छातीच्या मधोमध दाबल्यासारखं वाटतं. ही खूण आली की हातातला घास ताटात परत ठेवायचा. ‘एवढाच संपवतो’ म्हटलं की घास अडकतो, तोंडात फेसासारखी लाळ सुटते आणि शेवटी सगळं बाहेर येतं.

पहिलं उकडलेलं अंडं खाताना हे नीट कळतं. अर्धं अंडं, लहान चमचा, नखाएवढा तुकडा. तो तोंडात अगदी लगदा होईपर्यंत चावायचा, गिळायचा, चमचा खाली ठेवायचा आणि थांबायचं. अर्ध्या अंड्याला वीस मिनिटं लागली तर ठीक चाललंय. घरचे बघून कंटाळतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

ताटात आधी प्रथिनं: अंडं, मासे, चिकन, दही, पनीर, डाळी, सोया. मग भाजी, आणि जागा उरली तर धान्य. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे नेहमीचं लक्ष्य आहे, काहींना जास्त लागतात. सुरुवातीला पावडरशिवाय ते गाठणं अवघड, आणि पावडरचे पैसे विमा सहसा देत नाही.

जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी थांबून घोट घोट प्यायचं, आणि दिवसभरात दीड ते दोन लिटरपर्यंत पोचायचं. एका दमात ग्लास रिकामा करण्याचे दिवस संपले, त्यामुळे बाटली सतत जवळ असायला हवी. या ऑपरेशननंतर लोक पुन्हा भरती होतात त्याचं एक मोठं कारण शरीरातलं पाणी कमी होणं हेच आहे.

गोडाचं वेगळं. बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि दहा मिनिटांपासून तासाभरात घाम, धडधड, मुरडा, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. त्यात रक्तातली साखर खाली जाते, हात थरथरतात, भोवळ येते. स्लीव्हनंतरही हे होऊ शकतं, पण कमी. त्यामुळे स्लीव्हवाल्यांना एक छुपा धोका असतो: आइस्क्रीम, शेक, गोड पेयं सुरळीत खाली उतरतात, पोट भरत नाही आणि वजन परत चढतं.

गोळ्यांचं वेळापत्रक

लोक इथेच ढिले पडतात. पहिलं वर्ष नेमाने जातं, मग तब्येत चांगली वाटू लागते आणि डबा कपाटात मागे सरकतो. शरीरात बी१२चा साठा मोठा असतो, त्यामुळे कमतरता दिसायला वर्षं लागू शकतात, आणि तोवर हातापायांना मुंग्या यायला लागलेल्या असतात.

मोठ्या माणसांसाठी नेहमी सुचवलं जाणारं प्रमाण असं: पूर्ण मल्टिव्हिटॅमिन रोज, बी१२ तोंडावाटे रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, व्हिटॅमिन डी३ रोज ३००० युनिटच्या आसपास, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम. मासिक पाळी चालू असलेल्या बायकांना आणि बायपास वा स्लीव्ह झालेल्यांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. तुमचा आकडा रक्ताच्या रिपोर्टवर ठरेल. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कारण ते पचायला जठरातलं आम्ल फारसं लागत नाही. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच्या वर शोषलं जात नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या वाटेत येतात, त्यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळी लोह, दुपारी आणि रात्री कॅल्शियम असं बसवलं की डोक्याला ताप होत नाही.

बी१, म्हणजे थायमिन, याचा साठा मात्र काही आठवड्यांचाच. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर सलाईन लावणाऱ्याला ‘आधी थायमिन द्या’ असं सांगणारं माणूस सोबत हवं. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

तपासण्या पहिल्या वर्षी साधारण ३, ६ आणि १२ महिन्यांनी, नंतर दरवर्षी. पॉलिसीत वार्षिक तपासणीची सोय असेल तर ती इथे वापरा.

बाकी औषधं आणि सवयी

मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं ऑपरेशननंतर लगेच कमी करावी लागू शकतात. जुना डोस तसाच चालू ठेवला तर साखर एकदम घसरते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचं शोषण बदलतं, तेव्हा प्रत्येक चिठ्ठी सर्जनला दाखवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी दुखण्याची औषधं बायपासनंतर टाळायची, कारण जोडावर अल्सर होतो. सिगारेटनेही तोच होतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल. बायपासनंतर कुणी ग्लुकोज पाजून साखरेची चाचणी करू म्हणालं तर नकार द्या आणि कारण सांगा: त्याने डंपिंग होऊ शकतं. गरोदरपणात हा प्रसंग नक्की येतो.

गरोदरपणावरून आठवलं. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने मूल नको, असा सल्ला असतो. पण वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. दुसरी सोय आधीच करून ठेवा.

दारूबद्दल थोडक्यात: बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. खाण्याने मिळणारा दिलासा बंद झाला की मन दुसरा शोधतं. न पिणं उत्तम.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान केस गळतात. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात, पण प्रथिनं आणि लोह तपासून घ्या. भराभर वजन उतरताना पित्ताचे खडे होतात, त्यावर काही सर्जन सहा महिने गोळी देतात. ती बंद करण्याआधी विचारा.

वर्ष-दोन वर्षांनंतर

सर्वात कमी वजन साधारण एक ते दोन वर्षांनी दिसतं, मग काही किलो परत येतात. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन दहा वर्षांनी मूळच्या सुमारे २५ टक्के कमी राहिलेलं आढळलं. त्यामुळे थोडं चढलं म्हणून तोंड लपवून तपासणी चुकवू नका. चढत असताना गेलेल्या माणसासाठी बरंच काही करता येतं.

सैल कातडी काढण्याचं ऑपरेशन विमा सहसा सौंदर्याचं म्हणून नाकारतो. घडीत वारंवार पुरळ, जखमा, बुरशी होत असेल तर कधी मंजुरी मिळते, पण त्यासाठी त्वचातज्ज्ञाच्या चिठ्ठ्या आणि तारखांसह फोटो लागतात. तेव्हा पहिल्या पुरळापासूनच डॉक्टरकडे जा. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं तर त्याच्या अटी वेगळ्या असतात. नोकरी बदलताना जुनं संरक्षण तुटण्याआधी नवं सुरू करा, आणि नव्या अर्जात ऑपरेशन झाल्याचं लिहा. ताज्या ऑपरेशननंतर आयुर्विम्याचे अर्ज कंपन्या काही काळ पुढे ढकलतात, तेव्हा तो घ्यायचा असेल तर आधी बघा.

पाकिटात एक चिठ्ठी आणि मोबाइलमध्ये डिस्चार्ज कार्डाचा फोटो ठेवा: ऑपरेशनचं नेमकं नाव, तारीख, सर्जनचा नंबर, कोणती औषधं चालत नाहीत, पॉलिसी क्रमांक. बायपास झालेला असेल तर खाली मोठ्या अक्षरात लिहा: ‘पोटात पीळ मारणारं दुखणं असल्यास आतड्याचा आतला हर्निया आहे का पाहावे, सर्जनला बोलवावे.’ हा हर्निया कित्येक वर्षांनीही होतो, सुरुवातीला रिपोर्टात दिसेलच असं नाही, आणि उशीर झाला तर आतड्याचा भाग मरतो. गॅस झाला असेल म्हणून घरी पाठवू लागले तर ती चिठ्ठी पुढे करा.